बिनतारी चार्जिंग : सोय की नुसती हौस?

(द्वितीय वर्ष, कला)

मी कला शाखेची विद्यार्थिनी. शास्त्राशी आपला संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, अशीच माझी समजूत होती. तेव्हा विजेसारख्या विषयावर मी लेखणी उचलावी याचे आमच्या प्राध्यापकांना नवल वाटेल. परंतु या प्रश्नाकडे मी वळले त्याला एक घरगुती निमित्त घडले. ते आधी सांगितल्याखेरीज पुढचे विवेचन करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

उंब्रजला तारळी नदी कृष्णेला मिळते. त्या अंगाला मळीत आमचे तीस गुंठे रान आहे आणि त्यात ऊस. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री, अशी पाळीने येते. म्हणून आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पंपाला मोबाइल स्टार्टर बसवून घेतला. एका पेटीत सिमकार्ड असते. घरून फोन लावला की मोटर सुरू होते, पुन्हा लावला की बंद. गेल्या उन्हाळ्यात आण्णांच्या फोनचा चार्जिंग जॅक गेला. चिखलाच्या हातात वापरलेला फोन तो. पिन घातली की ढिली पडे, आणि एके रात्री तो मुळीच चार्ज होईना. पाळी अकराची होती आणि पेटीत नंबर एकट्या आण्णांचा नोंदवलेला. ते बॅटरी घेऊन चालत मळीत गेले आणि पहाटे तीनला परतले. तोवर आई उंबऱ्यात बसून होती. बांधावर घोणस आडवी आली होती, हे त्यांनी आईला सांगितले नाही, मला सांगितले. त्यांचे सिम काढून माझ्या फोनमध्ये घालता आले असते, हे मला सकाळी सुचले. घरातल्या पहिल्या शिकलेल्या मुलीची अक्कल अशी उशिरा चालली!

पुढे दिवाळीला पुण्याहून माझा मामेभाऊ आला. त्याच्याजवळ एक चकती होती. तिच्यावर त्याने फोन नुसता ठेवला आणि फोन चार्ज होऊ लागला. आजी कितीतरी वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "आरं, तार न्हाई तर करंट जातोय कुठनं?"

आजीचा प्रश्न शास्त्रज्ञाला शोभेल असाच होता. त्याचे उत्तर शोधताना मला प्रथम कळले की, हा प्रकार आपण समजतो तितका नवा नाही. 1831 साली मायकेल फॅरडे याने दाखवून दिले की, एका वेटोळ्यातील वीज बदलती ठेवली तर तिच्याभोवतीचे चुंबकत्व बदलते, आणि त्या बदलामुळे शेजारच्या दुसऱ्या, अजिबात न जोडलेल्या वेटोळ्यातही वीज निर्माण होते. यालाच आपण शाळेत विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणून पाठ केले. आपल्या गल्लीच्या तोंडाशी जी डी.पी. आहे, ती दुसरे काय आहे? तिच्यात येणारी तार आणि घराकडे जाणारी तार यांची वेटोळी एकमेकांना जोडलेली नसतात. मधली उडी वीज चुंबकत्वाच्या वाटेने मारते. म्हणजे पोफळीच्या वीजगृहात 1962 साली कोयनेची वीज निघू लागली, तेव्हापासून ती प्रत्येक ट्रान्सफॉर्मरमध्ये अशीच बिनतारी उडी मारीत आलेली आहे. मी आजीला हेच सांगितले. तिने डी.पी. आठवून पाहिली आणि "मग ह्यात नवं काय?" असे विचारले.

नवे इतकेच की, डी.पी.मधली दोन्ही वेटोळी एकाच लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली असतात, त्यामुळे चुंबकत्व फारसे बाहेर सांडत नाही. चकतीत आणि फोनमध्ये असा सलग गाभा नाही. मध्ये काच आहे, प्लॅस्टिक आहे, थोडी हवा आहे. म्हणून घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तने करते, तर चकतीत ती लाखावर नेतात. तरीही फोन थोडा बाजूला सरकला की सांडवणूक वाढते, फोन गरम होतो आणि चार्जिंग मंदावते. मामेभावाचा फोन रात्री असाच सरकला आणि सकाळी तो निम्माच भरलेला निघाला. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता!

निकोला टेस्लाने तर याहून मोठे स्वप्न पाहिले होते. अमेरिकेत वॉर्डनक्लिफ येथे 1901 साली त्याने मनोऱ्याचे काम सुरू केले. दूरदूर बिनतारी संदेश आणि पुढे वीजही पाठवावी, हा त्याचा मानस होता. पैसा आटला आणि 1917 साली तो मनोरा पाडला गेला. आजच्या चकतीची मजल काही मिलिमीटरांची आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या चकत्या सर्व फोनांना चालाव्यात म्हणून 2008 साली एक संघ स्थापन झाला आणि 2010 साली त्याने 'ची' नावाचे मानक प्रसिद्ध केले. चिनी भाषेत या शब्दाचा अर्थ प्राणशक्ती असा होतो. नाव मोठे खरे! 2012 साली नोकियाच्या ल्युमिया 920 मध्ये ही सोय होती, 2017 साली आयफोन 8 मध्ये आली आणि मग तिचा बोलबाला झाला. फोन सरकण्याची अडचण ओळखून 2023 साली आलेल्या 'ची 2' मानकात लोहचुंबक घातले गेले. म्हणजे फोन योग्य जागी चिकटून बसतो. येथे मला हसू येते. तार काढली, आणि मग फोन हलू नये म्हणून चुंबकाने बांधला. शिवाय त्या चकतीला स्वतःची तार असतेच आणि ती भिंतीतच जाते. वीज गेली की बिनतारी आणि तारवाले दोघेही अंधारात.

आता खर्चाचा प्रश्न. चकतीने वीज वाया जाते असे सारे म्हणतात. मीही तसेच लिहिणार होते. परंतु आकडा मांडून पाहिला तेव्हा माझे मत डळमळले. 5000 एमएएचच्या बॅटरीत सुमारे 19 वॅट-तास वीज मावते. तारेने ती भरावयास 25 आणि चकतीने 35 वॅट-तास लागतात असे धरू. रोज 10 वॅट-तास जादा, म्हणजे वर्षाला साडेतीन युनिटांहून थोडे अधिक. एका घराच्या बिलात ते दिसणारसुद्धा नाही. तेव्हा 'बिल वाढते' हा आक्षेप मी मागे घेते. मात्र असे एक कोटी फोन धरले, तर वर्षाला साडेतीन कोटींवर युनिटे होतात. कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता सुमारे 1960 मेगावॅट आहे. तो सगळा प्रकल्प पूर्ण ताकदीने अठरा-एकोणीस तास चालवावा, तेव्हा एवढी वीज होईल. हे थोडे की फार, हे मला ठरवता आलेले नाही.

बिलापेक्षा उष्णतेचा आक्षेप मला भारी वाटतो. लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही. तिचे आयुष्य कमी होते. आमच्याकडे चैत्र-वैशाखात पत्र्याखाली ठेवलेला फोन आधीच तापलेला असतो. त्यात चकतीची भर कशाला?

पण माझा खरा प्रश्न वेगळा होता. चकती पाहताच माझ्या मनात आण्णांचा फोन आला. जॅक गेला तरी ज्याला जॅक लागतच नाही असे साधन आहे! मी मामेभावाला म्हटले, "दादा, ही चकती आण्णांना मिळाली तर?" तो म्हणाला, "आत्याच्या घरातल्या एकाही फोनात ती चालायची नाही. आत वेटोळे लागते, आणि ते महागड्या फोनातच घालतात." स्वस्त फोनासाठी पाठीला चिकटवायची एक पातळ वेटोळ्याची पट्टी बाजारात मिळते, हेही त्याने सांगितले. माझा जीव भांड्यात पडला. मग त्याने तिचे चित्र दाखविले. त्या पट्टीला एक शेपूट असते आणि ते शेपूट फोनच्या त्याच छिद्रात घालावे लागते, जे आमचे बिघडलेले होते.

वाचकहो, माझे मत येथे बनले. ज्याचा फोन चिखलात, घामात आणि पावसात वापरला जातो, ज्याचा जॅक वारंवार जातो, त्याला ही सोय सर्वांत उपयोगी. आणि त्याच्याच फोनात ती नाही. ज्याचा फोन दिवसभर कचेरीच्या टेबलावर स्वच्छ पडून असतो, त्याच्या फोनात ती आहे, आणि त्याला ती नसती तरी चालले असते. म्हणून फोनपुरते बोलावयाचे तर आज ती हौसच आहे. पण हा दोष तत्त्वाचा नव्हे, किंमत लावणाऱ्यांचा आहे.

तत्त्वाची उपयुक्तता पाहावयाची तर फोन सोडून दुसरीकडे पाहावे लागते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाच्या कानामागे कॉक्लिअर इम्प्लांट बसवितात. त्याचा एक भाग कातडीच्या आत असतो, एक बाहेर. आतल्या भागाला वीज आणि आवाजाचा संदेश दोन्ही वेटोळ्यातून, कातडी न भेदता मिळतात. तेथे तार चालणारच नाही. कातडीला कायमचे भोक ठेवून कसे भागेल? त्या मुलाच्या आईला बिनतारी वीज ही हौस आहे काय, असे विचारण्याची माझी छाती नाही. आपल्या महाराष्ट्रातही काम चालू आहे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेने आणि सी-डॅकने मिळून विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी 1.5 किलोवॅटचा बिनतारी चार्जर तयार केला. 2025 साली त्याचे तंत्रज्ञान उद्योगाच्या हवाली करण्यात आले. भर पावसात ओल्या हाताने प्लग धरण्यापेक्षा रिक्षा नुसती जागेवर उभी करणे चालकाला खचितच आवडेल.

आण्णांचा जॅक एस.टी. स्टँडजवळच्या एका दुकानात साडेतीनशे रुपयांना बदलून मिळाला. पैसे माझ्या पासाच्या पैशांतून दिले, म्हणून आठ दिवस कॉलेजला सायकलवर आले. आता फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो आणि दिवेलागणीला आई स्वतः तो चार्जिंगला लावते. पेटीत माझाही नंबर नोंदवून घेतला आहे.

मामेभाऊ जाण्याच्या आदल्या दिवशी आजीने गुपचूप त्या चकतीवर आपली मिश्रीची पत्र्याची डबी ठेवली. चकतीचा दिवा लुकलुकू लागला. धातूची परकी वस्तू ओळखून वीज थांबवायची, अशी तीत व्यवस्था असते, हे मी तिला समजावून सांगितले. आजीने डबी उचलली, चकतीकडे एकवार पाहिले आणि म्हणाली, "हिलाबी कळतंय की, कुणाला द्यायचं आन् कुणाला न्हाई."