चाचणी-अहवाल कसा वाचावा : सॉफ्टवेअर चाचणी व्यवस्थापन साधनांचा तौलनिक परिचय

शासकीय कामकाजात संगणकाचा वापर आता नवलाईचा राहिलेला नाही. जमिनीचा उतारा, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, जन्म-मृत्यूचे दाखले ही नित्याची कामे आज सॉफ्टवेअरच्या साहाय्याने पार पडतात. असे सॉफ्टवेअर पुष्कळदा बाहेरील संस्थेकडून तयार करून घेतले जाते व ताब्यात घेण्यापूर्वी त्याची चाचणी होते. चाचणी करणारे लोक या विषयातील जाणकार असतात. परंतु सॉफ्टवेअर स्वीकारल्याची सही करणारा अधिकारी संगणकतज्ज्ञ असतोच असे नाही. त्याच्यासमोर येतो तो एक छापील अहवाल. त्या अहवालातील एखाद्या ठळक आकड्यावर विसंबून सही झाली आणि तो आकडा अपुरा असला, तर त्याची झळ गावातील माणसाला पोहोचते. वारसाचे नाव उताऱ्यावर चढत नाही, निवृत्तिवेतन अडकते, आणि कार्यालयात विचारणा केली असता ‘संगणक घेत नाही’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून हा अहवाल कसा तयार होतो व तो कसा वाचावा, हे तज्ज्ञेतरांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

काही मूळ संज्ञा

सॉफ्टवेअरने जे जे काम करावे अशी अपेक्षा असते, त्या प्रत्येक अपेक्षेला ‘गरज’ म्हणावयाचे. ‘वारस नोंद मंजूर झाल्यावर नवे नाव उताऱ्यावर दिसले पाहिजे’ ही एक गरज होय. ती पूर्ण होते की नाही हे पाहण्यासाठी कोणती माहिती भरावयाची, कोणती कृती करावयाची व काय घडणे अपेक्षित आहे, हे लिहून काढले म्हणजे एक ‘टेस्ट केस’ तयार होते. एका गरजेसाठी अनेक टेस्ट केस लागू शकतात. चाचणीचा निकाल सामान्यतः चार प्रकारचा असतो : उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, अडलेली आणि न केलेली. दुसऱ्याच एखाद्या दोषामुळे जी चाचणी करताच आली नाही, ती ‘अडलेली’ समजावी.

मोठ्या कामात अशा चाचण्यांची संख्या शेकड्यांनी किंवा हजारांनी असते. त्यांची नोंद वहीत किंवा साध्या तक्त्यात ठेवणे कठीण होते. त्यासाठी जी खास साधने वापरली जातात, त्यांना चाचणी व्यवस्थापन साधने म्हणतात. टेस्टलिंक, टेस्टरेल, एक्सरे ही त्यांपैकी काही परिचित नावे. चाचण्या साठवून ठेवण्याचे काम ही सारी साधने बऱ्यापैकी करतात. त्यांच्यातील खरा फरक अहवालात दिसून येतो.

एकाच दिवसाचे तीन आकडे

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भूमी-अभिलेखांच्या एका सॉफ्टवेअरसाठी ४० गरजा ठरविल्या आहेत व त्यांसाठी २०० चाचण्या लिहिल्या आहेत. एका सायंकाळची स्थिती अशी : १६० चाचण्या झाल्या, त्यांपैकी १५२ उत्तीर्ण व ८ अनुत्तीर्ण, १० चाचण्या अडलेल्या, ३० अद्याप केलेल्या नाहीत.

झालेल्या चाचण्यांशी तुलना केली, तर १६० पैकी १५२, म्हणजे ९५ टक्के यश. लिहिलेल्या सर्व चाचण्यांशी तुलना केली, तर २०० पैकी १५२, म्हणजे ७६ टक्के. आता चाचण्या बाजूला ठेवून गरजांकडे पाहू. ४० गरजांपैकी २२ गरजांच्या सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या आहेत. ५ गरजांची निदान एक चाचणी अनुत्तीर्ण आहे. ७ गरजांच्या चाचण्या राहिलेल्या किंवा अडलेल्या आहेत. आणि ६ गरजांसाठी कोणी चाचणी लिहिलेलीच नाही. म्हणजे पूर्णपणे तपासलेल्या व समाधानकारक ठरलेल्या गरजा ४० पैकी २२, अर्थात ५५ टक्के.

पंचाण्णव, शाहात्तर आणि पंचावन्न हे तिन्ही आकडे गणिताच्या दृष्टीने बरोबर आहेत. शिक्षकांना हा प्रकार चटकन उमगेल. ज्या विद्यार्थ्याने दहांपैकी आठच प्रश्न सोडविले व आठही बरोबर सोडविले, त्याला शंभरपैकी शंभर गुण कोणी देत नाही. शिवाय अभ्यासक्रमातील दोन प्रकरणांवर प्रश्नच विचारले गेले नसतील, तर त्या प्रकरणांतील त्याच्या तयारीविषयी गुणपत्रिका काहीच सांगू शकत नाही. उदाहरणातील सहा गरजांची स्थिती नेमकी तशी आहे. त्या अनुत्तीर्ण यादीत नाहीत, अडलेल्या यादीत नाहीत, न केलेल्या यादीतही नाहीत. चाचण्यांच्या कोणत्याही बेरजेत त्या येत नाहीत. त्या शोधून काढण्याचा मार्ग एकच : गरजांची यादी आणि चाचण्यांची यादी शेजारी शेजारी ठेवून जुळवून पाहणे. या जुळणीच्या तक्त्याला मागोवा-तक्ता म्हणता येईल.

साधनांची तुलना

टेस्टलिंक हे विनामूल्य मिळणारे व मुक्त परवान्याखालील साधन आहे. ते स्वतःच्या सर्व्हरवर बसविता येत असल्याने परवान्याचा खर्च न परवडणाऱ्या संस्थांना सोयीचे पडते. यात गरजांची यादी साधनाच्या आतच ठेवता येते आणि प्रत्येक गरजेशी चाचण्या जोडता येतात. एखाद्या गरजेसाठी किती चाचण्या अपेक्षित आहेत, हा आकडाही आधी नोंदविण्याची सोय आहे. त्यामुळे चार चाचण्या हव्या असता एकच लिहिली गेली असेल, तर ती उणीव नजरेस येते. चाचणी योजनेचा सर्वसाधारण गोषवारा, सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीगणिक निकालांचा तक्ता, अनुत्तीर्ण, अडलेल्या व न केलेल्या चाचण्यांच्या स्वतंत्र याद्या, तसेच गरजानिहाय अहवाल यातून मिळतो. याचे बाह्य रूप जुन्या वळणाचे आहे व आकृत्या मोजक्या आहेत. परंतु उपरोक्त सहा गरजा शोधण्यापुरते ते पुरेसे आहे. अट एकच, की गरजा प्रामाणिकपणे त्यात भरलेल्या असाव्यात.

टेस्टरेल हे सशुल्क साधन मूळ गुरॉक या जर्मन कंपनीचे; २०१८ साली ती कंपनी आयडेरा या अमेरिकन उद्योगाकडे गेली. अहवालांची मांडणी सुबक असणे हे त्याचे वैशिष्ट्य. उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, अडलेल्या व न केलेल्या चाचण्यांबरोबर ‘पुन्हा तपासावयाच्या’ चाचण्यांचीही त्यात वेगळी वर्गवारी असते. दोन फेऱ्यांच्या निकालांची तुलना, दोषांचा गोषवारा, चाचणी करणाऱ्यांवरील कामाचा भार असे तयार अहवाल त्यात आहेत. ठरावीक वारी अहवाल आपोआप तयार होऊन संबंधितांस टपालाने, म्हणजे ई-मेलने, जावा अशीही व्यवस्था करता येते. मात्र गरजांची मूळ यादी सामान्यतः दुसऱ्या साधनात असते आणि टेस्ट केसवर त्या गरजेचा केवळ संदर्भ क्रमांक लिहिला जातो. ज्या गरजेचा क्रमांक कोणत्याच चाचणीवर लिहिला गेला नाही, ती गरज निव्वळ चाचण्यांच्या नोंदींवरून उघड होणार नाही. म्हणून टेस्टरेलचा व्याप्ती-अहवाल वाचताना गरजांची मूळ यादी समोर ठेवून ताडून पाहावी.

एक्सरे हे जिरा या कार्यनोंदणी साधनाच्या आत चालणारे साधन असून ते पोर्तुगालमध्ये विकसित झाले. गरज, चाचणी व दोष या तिन्हींची नोंद एकाच ठिकाणी असल्याने एका गरजेवरून तिच्या चाचण्यांपर्यंत, तेथून निकालापर्यंत व पुढे दोषापर्यंत सरळ जाता येते. प्रत्येक गरजेची स्थिती ते स्वतंत्रपणे सांगते : समाधानकारक, असमाधानकारक, न तपासलेली, अनिश्चित आणि चाचणीच नसलेली. ‘चाचणी लिहिली पण केली नाही’ आणि ‘चाचणी लिहिलीच नाही’ यांतील भेद त्यात ठसठशीतपणे दिसतो. तसेच ही स्थिती विशिष्ट आवृत्तीपुरती किंवा विशिष्ट यंत्र-परिसरापुरती मर्यादित करून पाहता येते. जिरा वापरात नसलेल्या कार्यालयास मात्र हे साधन घेताना दोन्हींचा खर्च व प्रशिक्षण विचारात घ्यावे लागेल.

सारांश असा, की मोफत किंवा सशुल्क, साधे किंवा आकर्षक, हा निकष दुय्यम आहे. चाचणी नसलेली गरज साधन आपण होऊन दाखविते काय, हा निकष पहिला.

कोठे तपासले, हाही प्रश्न

गरज तपासली एवढे पुरत नाही. ती कोणत्या परिसरात तपासली हेही अहवालात असावे लागते. ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती जुन्या संगणक-व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत हलविली. माहिती नव्या जागी पोहोचली. परंतु व्यवस्था सुरू होताच ती कोलमडली. १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपल्या खात्यापर्यंत पोहोचता येईना. कारभार पूर्वपदावर येण्यास डिसेंबर २०१८ उजाडला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशीत असे दिसून आले, की नवी व्यवस्था दोन संगणक-केंद्रांवर चालणार असताना तिच्या कार्यक्षमतेच्या चाचण्या एकाच केंद्रावर झाल्या होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील नियामक संस्थांनी बँकेस ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

यातील बोध स्पष्ट आहे. ‘भार-चाचणी : उत्तीर्ण’ एवढ्या ओळीत ‘कोणत्या केंद्रावर’ हा रकाना नसेल, तर वाचणाऱ्यास निम्मेच सत्य कळते. राजधानीतील वेगवान जोडणीवर तपासलेले सॉफ्टवेअर तालुक्याच्या मंद जोडणीवर चालेलच असे नाही. म्हणून निकाल परिसरानुसार विभागून मिळतात की नाही, हे साधन निवडतानाच पाहावे.

अहवालाची मर्यादा

उत्तम साधनालाही एक मर्यादा आहे. जी गरज यादीत नोंदविलेलीच नाही, ती कोणताही अहवाल दाखवू शकत नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे आरियान-५ हे अग्निबाण-यान पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. दिशा व स्थिती सांगणाऱ्या यंत्रणेतील सॉफ्टवेअर आरियान-४ या आधीच्या यानातून घेतलेले होते. नव्या यानाचा आडवा वेग त्याच अवधीत बराच अधिक होता. त्यामुळे त्यासंबंधीची संख्या ठरलेल्या जागेत मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. चौकशी मंडळास असे आढळले, की नव्या यानाच्या उड्डाणमार्गाची माहिती त्या यंत्रणेच्या गरजांमध्ये समाविष्टच केली नव्हती. यादीतच नसलेल्या गोष्टीची चाचणी कशी होणार?

गावाचा संबंध येतो तो येथे. गरजांची यादी कार्यालयात बसून केली जाते. परंतु अवघड प्रकरणे गावात असतात. एकाच सर्वेक्रमांकात अनेक भावांची नावे, कुळाचे नाव लागलेली जमीन, परदेशी असलेला हिस्सेदार, एकच नाव दोन प्रकारे लिहिलेले दस्तऐवज ही त्यांपैकी काही. गोव्यातील ‘एक व चौदा’चा उतारा ज्यांनी हाताळला आहे, त्यांना अशी प्रकरणे नवी नाहीत. ग्रामस्थांनी अशी उदाहरणे यादी तयार होत असतानाच लेखी कळविली, तर त्यांच्या गरजा होतात, गरजांच्या चाचण्या होतात आणि पुढे अहवालात त्यांचे निकाल येतात.

स्वीकृतीपूर्वी

सही करण्यापूर्वी अधिकाऱ्याने अहवालास पुढील प्रश्न विचारावेत.

१. टक्केवारी कशाची आहे : झालेल्या चाचण्यांची, लिहिलेल्या सर्व चाचण्यांची, की गरजांची?

२. एकही चाचणी नसलेल्या गरजा किती व कोणत्या?

३. निकाल सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीचे आहेत? जुन्या आवृत्तीवरील यश नव्या आवृत्तीच्या खात्यावर तर जमा धरलेले नाही ना?

४. चाचण्या कोणत्या परिसरात झाल्या?

५. उरलेल्या दोषांची झळ कोणास लागेल? आठ दोषांपैकी सात अक्षरांच्या रंगाचे असले आणि एक वारसाचे नाव गाळणारा असला, तर तो एकच स्वीकृती थांबविण्यास पुरेसा आहे.

या पाच प्रश्नांची उत्तरे अहवालात मिळावीत अशी अट निविदेतच घातली, तर साधन कोणते वापरावे याचा वाद बराचसा मिटतो. उत्तर देऊ शकणारे साधन पुरवठादारास निवडावेच लागते.

अभ्यासासाठी

१. एका सॉफ्टवेअरच्या ५० चाचण्यांपैकी ४० झाल्या व ३६ उत्तीर्ण झाल्या. टक्केवारी दोन प्रकारे काढा व दोहोंतील फरकाचे कारण सांगा.

२. ‘न केलेली चाचणी’ आणि ‘चाचणी नसलेली गरज’ यांतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट करा.

३. आपल्या गावातील एखाद्या दाखल्याच्या कामात येणारी तीन अवघड प्रकरणे लिहा व प्रत्येकासाठी एक टेस्ट केस तयार करा.