‘एकदम टॉपची आहे, साहेब!’

“डेटासाठी केबल हवी आहे, एसएसडीला लावायची आहे,” असं मी दुकानात स्पष्ट सांगितलं होतं. हे आधीच नोंदवतो, कारण नंतर जो तो मलाच विचारत होता, “तुम्ही नीट सांगितलं होतं ना?” सांगितलं होतं. पुण्यातल्या तापकीर गल्लीतल्या त्या दुकानदाराचं उत्तरही पाठ आहे: “साहेब, हंड्रेड वॉट आहे. एकदम टॉपची. मोबाइल, लॅपटॉप, हार्ड डिस्क, सगळं चालतं.” जाडजूड केबल, वरून नायलॉनची वीण, दोन्ही टोकांना टाइप-सी. बिल मागितलं तर म्हणे, जीएसटी वेगळा पडेल.

मी लग्नांच्या फिल्म करतो. पुढच्याच लग्नात सेम-डे एडिट होतं. सकाळी मुहूर्त, संध्याकाळी रिसेप्शनला एलईडी वॉलवर फिल्म. दोन कॅमेरे आणि ड्रोन मिळून सहाशे जीबीच्या आसपास फुटेज एसएसडीवर. डिस्क दहा गिगाबिटची, लॅपटॉपचा पोर्टही तेवढाच. पाव तासात उतरायला हवं होतं. स्क्रीनवर आलं: चार तास शिल्लक.

असिस्टंट म्हणाला, डिस्क गेली. एडिटर म्हणाला, लॅपटॉप तापलाय. वधूचे काका दर थोड्या वेळाने डोकावून “झालं का हो?” विचारत होते, आणि प्रत्येक वेळी आवाज एक पट्टी वर. रिसेप्शनभर त्या भिंतीवर नवरा-नवरीची नावं आणि गुलाबाची फुलं फिरत राहिली. शेवटच्या हप्त्यातून पैसे कापले गेले. त्याबद्दल बोलत नाही.

त्यानंतर लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने पोर्टात टॉर्च मारून ‘मदरबोर्डचं काम आहे’ सांगितलं आणि एक आकडाही सांगितला. दुसरी केबल लावून बघायचे कष्ट घेतले नाहीत.

उलगडा झाला तो एका मित्राच्या एडिटिंग रूमवर. त्याने फाइल कॉपीला लावली आणि स्क्रीनकडे बघून हसला. वेग सेकंदाला 38 एमबी, सरळ रेषेत, जराही वरखाली नाही. “अरे, डिस्क खराब असती तर आलेखाने उड्या मारल्या असत्या. हा यूएसबी टू आहे.” खणातून त्याने हातभर, चांगलीच ताठर, अगदीच कळाहीन केबल काढली. तीच डिस्क, तोच लॅपटॉप, तोच पोर्ट. आकडा नऊशेच्या पुढे गेला. आनंद व्हायला हवा होता, पण मला आधी काका आठवले आणि मग दुकानदार.

यूएसबी 2.0 आलं 2000 साली. त्याची मर्यादा 480 मेगाबिट, म्हणजे कागदावर सेकंदाला 60 एमबी आणि प्रत्यक्षात चाळीसच्या आसपास. टाइप-सीच्या तोंडात 24 पिना असल्या तरी चार्जिंगला आणि या जुन्या वेगाला त्यातल्या मोजक्याच लागतात. वेगवान डेटाच्या तारांच्या जोड्या वेगळ्या असतात, त्या घालायला खर्च येतो, म्हणून घालत नाहीत. आणि हे नियमात बसतं! शंभर वॉट चार्ज करणारी आणि डेटा मात्र 2000 सालच्या वेगाने नेणारी केबल पूर्ण कायदेशीर आहे. ॲपलची टाइप-सी चार्जिंगची केबलसुद्धा डेटाच्या बाबतीत यूएसबी 2 चीच असते.

ती जाडजूड केबल घेऊन पुन्हा गल्लीतल्या दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, “चार्ज होतंय ना? मग केबल चांगलीच आहे.” आणि माझ्या डोक्यावरून मागच्या गिऱ्हाइकाला, “बोला साहेब!”

तर, वॉट आणि गिगाबिट हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते वेगवेगळे विचारा. डेटासाठी वेष्टनावर 5, 10, 20 किंवा 40 जीबीपीएस असा आकडा छापलेला हवा. नुसतं ‘फास्ट’, ‘सुपर’, ‘डेटा सिंक’ लिहिलेलं असेल तर ती यूएसबी 2 समजा. विजेच्या खुणेवर जाऊ नका. थंडरबोल्ट या वेगवान जोडणीची खूणही विजेचीच, पण तिच्याशेजारी 3, 4 किंवा 5 असतो, नुसती वीज कोणीही छापतं. दहा गिगाबिटसाठी मीटरभराच्या आतली केबल घ्या. लांबलचक, मऊ आणि स्वस्त केबल त्या वेगाची म्हणून कोणी देत असेल तर त्याला नमस्कार करा.

चार्जिंगचं गणित सोपं आहे. साधी सी-टू-सी केबल तीन ॲम्पिअरची, म्हणजे वीस व्होल्टला 60 वॉट. त्यापुढे पाच ॲम्पिअरसाठी केबलमध्ये ई-मार्कर नावाची चिप लागते. ती नसेल तर चार्जर कितीही मोठा असो, साठच्या वर देणार नाही. काही मोबाइल कंपन्यांचं स्वतःचं फास्ट चार्जिंग असतं, त्याला शक्यतो त्यांचीच केबल वापरा. ए-टू-सी केबल तर अगदीच अनोळखी कंपनीची नको. गुगलमधले इंजिनिअर बेन्सन लंग 2015 पासून अशा केबल्स विकत घेऊन तपासत होते. 2016 मध्ये एका केबलच्या आतल्या तारा उलट्या जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा लॅपटॉप गेला. तिथे आपली काय कथा!

केबल आणली की त्याच दिवशी तपासा, कामाच्या दिवसाची वाट बघू नका. एसएसडी लावून एक मोठी फाइल कॉपी करा. वेग चाळीसच्या आसपास अडकला तर आधी दुसरी केबल लावून बघा. मॅकवर सिस्टिम रिपोर्टमध्ये यूएसबीखाली जोडणीचा वेग लिहून येतो, तिथे 480 दिसलं की समजायचं.

आणि पक्कं बिल घ्या, त्यावर ‘10 जीबीपीएस’ लिहून घ्या. जीएसटी पडला तर पडू दे. माझ्याकडे बिल असतं तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर त्या दुकानदाराची तक्रार केव्हाच झाली असती.