खोडद येथील रेडिओ-दुर्बीण

निरभ्र रात्रीं आकाशाकडे पाहिलें असतां असंख्य तारे दृष्टीस पडतात, आणि विश्वांत जें कांहीं आहे तें सर्व आपण पाहिलें असा समज होणें साहजिक आहे. परंतु ज्या थंड वायूपासून तारे जन्म पावतात, तो वायु डोळ्यांस मुळींच दिसत नाहीं. तसेंच, आपल्या आकाशगंगेसारखे अब्जावधि ताऱ्यांचे जे समूह आहेत, ज्यांस दीर्घिका म्हणतात, त्यांच्या मध्यभागीं असलेलीं प्रचंड कृष्णविवरें स्वतः प्रकाश देत नाहींत. मग यांचें ज्ञान मनुष्यास कसें होतें? या प्रश्नाचें एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रांत, पुणें जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवाजवळील खोडद या खेड्यांत उभें आहे. त्याचा परिचय विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, हा या लेखाचा हेतु आहे.

प्रकाशाच्या लहरी व रेडिओच्या लहरी या एकाच जातीच्या होत. भेद केवळ लांबीचा. प्रकाशलहरीची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते, तर रेडिओलहरी कांहीं सेंटिमीटरपासून अनेक मीटरपर्यंत लांब असतात. इ. स. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेंत कार्ल जान्स्की हे बिनतारी दूरध्वनींत येणाऱ्या खरखरीचें मूळ शोधीत होते. त्यांस असें आढळलें कीं, त्या खरखरीचा एक भाग आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून येतो. येथून रेडिओ-खगोलशास्त्राचा आरंभ झाला.

भारतांत या शास्त्राचा पाया घालण्याचें श्रेय प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांस आहे. परदेशांत उत्तम स्थान असतांही डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते १९६३ सालीं स्वदेशीं परत आले व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत दाखल झाले. त्यांनीं १९६५ सालीं कल्याण येथें लहान तबकड्यांची मालिका उभारून सूर्याचें निरीक्षण केलें. पुढें १९७० सालीं उटकमंड येथें ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी दुर्बीण त्यांच्या नेतृत्वाखालीं पूर्ण झाली. खोडदची योजना ही त्यांच्या कार्याचा कळस होय. इ. स. २००२ पासून ती देशोदेशींच्या अभ्यासकांस खुली आहे.

या दुर्बिणींत तीस तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. चौदा तबकड्या सुमारें एक किलोमीटरच्या चौकांत असून उरलेल्या सोळा तीन भुजांवर दूरवर पसरल्या आहेत. त्यांतील अधिकांत अधिक अंतर सुमारें २५ किलोमीटर भरतें. असें कां केलें? लहर जितकी लांब, तितकी बारीक तपशील पाहण्यास दुर्बीण मोठी लागते. पंचवीस किलोमीटर रुंदीची एकच तबकडी बांधणें अशक्य. म्हणून अनेक तबकड्यांनीं टिपलेले संदेश कांचतंतूंवाटे एकत्र आणून गणकयंत्राच्या साहाय्यानें त्यांचा मेळ घालतात. मग त्या सर्व मिळून एका विशाल दुर्बिणीप्रमाणें सूक्ष्म भेद दाखवूं शकतात.

तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून तारेच्या जाळीचा आहे, व ही जाळी ताणलेल्या दोरांवर बसविलेली आहे. चाळणींतून पीठ गळतें, परंतु गहूं गळत नाहीं. तद्वत् जाळीचीं छिद्रें लहरीच्या लांबीहून पुष्कळ लहान असल्यामुळें लहर आरपार न जातां परावर्तन पावते. वारा मात्र जाळींतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवतां आला व खर्चही फार वांचला.

आतां या यंत्रानें काय पाहतात तें पाहूं. विश्वांत सर्वांत विपुल असलेला वायु हायड्रोजन होय. त्याच्या परमाणूंतील इलेक्ट्रॉन क्वचित् आपली स्वतःभोंवतीं फिरण्याची दिशा पालटतो, आणि त्या वेळीं २१ सेंटिमीटर लांबीची लहर बाहेर पडते. एका परमाणूच्या बाबतींत हें सरासरीनें सुमारें एक कोटि वर्षांत एकदां घडतें. परंतु वायूचे मेघ इतके अफाट आहेत कीं, ही लहर आकाशांतून सतत येतच असते. डच शास्त्रज्ञ व्हॅन द हुल्स्ट यांनीं १९४४ सालीं तिचें भाकित केलें, व १९५१ सालीं अमेरिकेंत इवेन व पर्सेल यांनीं ती प्रत्यक्ष टिपली.

विश्व प्रसरण पावत असल्यामुळें दुरून येणारी लहर वाटेंत ताणली जाते. अर्णब चक्रवर्ती व निरुपम रॉय यांनीं खोडदच्या दुर्बिणीनें केलेलें एक निरीक्षण २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांस एका दूरच्या दीर्घिकेंतील हायड्रोजनची लहर मिळाली. ती निघाली तेव्हां २१ सेंटिमीटरची होती व येथें पोंचली तेव्हां ४८ सेंटिमीटरची झाली होती. प्रवासास सुमारें ८८० कोटि वर्षें लागलीं, म्हणजे ती निघाली तेव्हां आपली पृथ्वी जन्मासही आली नव्हती! मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानें भिंगाचें काम केलें, म्हणूनच इतका क्षीण संदेश हातीं आला.

या वायूचें भवितव्य पुष्कळदां कृष्णविवराच्या हातीं असतें. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागीं सुमारें ४० लाख सूर्यांइतक्या वस्तुमानाचें कृष्णविवर आहे. कित्येक दीर्घिकांत तर याहून सहस्रपट मोठीं आहेत. त्याकडे ओढला जाणारा वायु भोंवऱ्याप्रमाणें फिरतां फिरतां अत्यंत तापतो, व कांहीं भाग आंत न पडतां दोन्ही बाजूंस प्रचंड झोतांच्या रूपानें फेंकला जातो. हे झोत रेडिओलहरींनीं प्रकाशतात व सभोंवारच्या वायूस तापवितात; तापलेला वायु सहसा आकुंचन पावत नाहीं, आणि त्यामुळें नव्या ताऱ्यांचा जन्म मंदावतो. भुजंगधारी तारकासमूहांतील, सुमारें ३९ कोटि प्रकाशवर्षें दूर असलेल्या एका दीर्घिकासमूहांत अशा उद्रेकानें वायूंत एक अजस्र पोकळी पडलेली आहे. क्ष-किरणांच्या दुर्बिणींनीं तिची कड दाखविली. ती पोकळी रेडिओलहरींनीं भरलेली आहे हें सिद्ध करण्यांत खोडदच्या निरीक्षणांचाही वांटा होता. हें संशोधन २०२० सालीं प्रसिद्ध झालें.

असे संदेश अतिशय दुर्बळ असतात. साधा भ्रमणध्वनि चंद्रावर नेऊन ठेवला, तरी तो या दुर्बिणीस आकाशांतील अत्यंत तेजस्वी रेडिओ-उगमांपैकीं एक भासेल. मग तो शेजारच्या शेतांत असल्यास काय होईल! डोंगरांचा आडोसा व रेडिओ-गोंगाटाची अल्पता पाहूनच खोडदची निवड झाली होती. पुणें–नाशिक नियोजित लोहमार्ग या परिसरांतून नेण्याचा विचार झाला, तेव्हां निरीक्षणांत व्यत्यय येईल म्हणून त्या मार्गाचा फेरविचार करावा लागला. द्राक्षें व टोमॅटो पिकविणाऱ्या या भागास दळणवळण हवें, हेंही तितकेंच खरें. लोकांची सोय व शास्त्राची शांतता या दोहोंचा मेळ घालणें हें सुज्ञ नागरिकांचें काम आहे, आणि असे नागरिक शाळेंतच घडतात.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या नगराहून अहिल्यानगर व आळेफाटा या मार्गानें नारायणगांवास जातां येतें. राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या निमित्तानें खोडद येथें भरलेल्या प्रदर्शनांत अनेक वर्षें शाळेच्या मुलांनीं आपले प्रयोग मांडले आहेत. पालकांनीं आपल्या मुलांस तेथें अवश्य न्यावें. एवढ्या विशाल यंत्रासमोर उभें राहिलें असतां दोन गोष्टी मनावर ठसतात: परमेश्वराची सृष्टि किती अगाध आहे, आणि धीरानें व निःशब्दपणें लक्ष देणाऱ्यास तिची किती ओळख होऊं शकते.