आधी साक्ष, मग निकाल

अमेरिकन महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी उपयोगी पडणाऱ्या एसएटी परीक्षेची २०१६ साली जी पुनर्रचना झाली, तीत ६५ मिनिटांत ५२ प्रश्नांच्या वाचनविभागात विद्यार्थ्याच्या केवळ उत्तरावर न विसंबता, लगेच पुढच्या प्रश्नात त्या उत्तराला उताऱ्यातील कोणत्या ओळींचा सर्वांत भक्कम आधार आहे, असा दाखला मागण्याची वहिवाट परीक्षकांनी घातली. मुलाला उतारा समजतो, तरी दोन्ही गुण एकदम कसे जातात, ही पालकांची तक्रार तेव्हापासूनची. आणि तिचे कारण मुलाच्या बुद्धीत नसून बहुधा त्याच्या क्रमात असते.

समजा, उतारा मधमाश्यांच्या रंगज्ञानावरचा आहे आणि संशोधकाने आपला पहिला प्रयोग अपुरा का मानला, असे विचारले आहे. तो प्रयोग पावसाळ्यात झाला, ही ओळ उताऱ्यात आहे. ‘ऋतू प्रतिकूल होता’ हा पर्यायही आहे. दोहोंची जोडी बेमालूम जमते आणि मुलगा निर्धास्त होतो. परंतु पावसाला संशोधकाने कोठेही दोष दिलेला नसतो. साखरपाण्याचा वास तबकडीला राहिल्यामुळे माश्या रंगाने आल्या की वासाने हे ठरेना, ही त्याची खरी कैफियत दुसऱ्याच ओळीत असते. खोट्या फिर्यादीलाही अनुकूल साक्षीदार मिळतो, हे कचेरीत उमेदवारी केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही! म्हणून पहिला प्रश्न नीट वाचून त्याचे पर्याय तूर्त झाकावेत, दुसऱ्या प्रश्नातील चारही ओळी उताऱ्यात शोधून खुणा कराव्यात, आणि विचारलेल्याच प्रश्नाला यांपैकी कोणती ओळ उत्तर देते हे ठरवून मगच पहिल्याचे पर्याय उघडावेत.

परीक्षा संगणकावर आल्यापासून, म्हणजे आपल्याकडे मार्च २०२३ पासून आणि खुद्द अमेरिकेत २०२४ पासून, हे जोडप्रश्न गेले; आता २५ ते १५० शब्दांच्या मजकुराखाली एकच प्रश्न असतो. त्यामुळे अप्पा बळवंत चौकातून स्वस्तात आणलेली जुनी सरावपुस्तके रद्दीत घालावीत काय? माझ्या मते घालू नयेत, कारण पुराव्याची पारख अद्याप कायम आहे, फक्त दावा आता प्रश्नातच दिलेला असतो आणि त्याला पुष्टी देणारे अवतरण, निष्कर्ष किंवा कोष्टकातील आकडा तेवढा निवडावयाचा असतो. घरी सराव करताना तो दावा मुलाने आधी आपल्या मराठीत आईला सांगावा. तो तिला कळला, की मग पर्यायांकडे वळावे.