शस्त्र हाती घेण्यापूर्वी संगणकावर शस्त्रक्रिया

"डॉक्टरसाहेब, परदेशात म्हणे आधी कॉम्प्युटरवर ऑपरेशन करून बघतात आणि मग खरं करतात. तशी सोय आपल्याकडे होईपर्यंत थांबू का?"

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका शेतकरी बापाने मला विचारलेला हा प्रश्न. त्यांची मुलगी चार वर्षांची. जन्मतःच तिच्या हृदयात रक्त ढकलणाऱ्या दोन कप्प्यांपैकी एकच कामाचा. थोडे पळाली की ओठ निळे पडत आणि ती धापा टाकत खाली बसे. सहाव्या महिन्यात एक शस्त्रक्रिया झाली होती, पुढच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचे उत्तर आज सर्वांसाठी लिहितो.

मूळ अडचण

निरोगी हृदयात उजवा कप्पा अशुद्ध रक्त फुफ्फुसांकडे पाठवतो आणि डावा कप्पा शुद्ध रक्त सर्व शरीराला पुरवतो. ज्या बाळाचा एकच कप्पा काम करतो, त्याच्या हृदयात दोन्ही रक्ते मिसळतात. त्यामुळे बाळ निळसर दिसते. नवा कप्पा बसवता येत नाही. मग उपाय काय?

फ्रान्समधील बोर्दो येथील शल्यविशारद फ्रान्सिस फाँतां यांनी १९६८ मध्ये वेगळी वाट शोधली. शरीराकडून परत येणारे अशुद्ध रक्त हृदयात न नेता थेट फुफ्फुसांकडे वळवायचे आणि चांगला कप्पा फक्त शरीरासाठी राखून ठेवायचा. आज हे काम टप्प्याटप्प्याने करतात. आधी डोके व हातांकडून येणारी वरची मोठी नीला फुफ्फुसाच्या रोहिणीला जोडतात. नंतर पोट व पायांकडून येणारी खालची नीला एका कृत्रिम नळीने तिथेच आणून जोडतात.

आता लक्षात घ्या, या रस्त्यावर पंप नाही. रक्त फुफ्फुसात जाते ते नीलेतल्या थोड्याशा दाबावर. म्हणून सांध्यावर जोर वाया गेला तर त्याचा भार त्या मुलाला वर्षानुवर्षे सोसावा लागतो.

पाटाच्या पाण्याचा धडा

शेतात दोन पाट अगदी समोरासमोर आणून सोडले तर काय होते? पाणी एकमेकांवर आदळते, भोवरा होतो, वेग मरतो. एक पाट थोडा बाजूला घेतला की पाणी वळण घेऊन पुढे जाते. रक्ताचेही तसेच. १९९६ मध्ये अमेरिकेत अटलांटा येथे अजित योगनाथन यांच्या चमूने काचेच्या नळ्यांच्या प्रतिकृतींवर हे दाखवले. त्याच वर्षी लंडनचे शल्यविशारद मार्क द लेव्हाल यांनी इटलीतील मिलान येथील अभियंत्यांसह संगणकावर हाच अभ्यास प्रसिद्ध केला. जोड कुठे आणि कोणत्या कोनात द्यावा, हा प्रश्न तेव्हापासून हिशेबाने सोडवता येऊ लागला.

हिशेब कसा होतो?

प्रथम मुलाचा एमआरआय किंवा सीटी स्कॅन काढतात. एमआरआयने रक्ताचा वेगही मोजता येतो. त्यावरून त्याच मुलाच्या रक्तवाहिन्यांचा हुबेहूब आकार संगणकात उभा करतात. त्या आकाराचे लाखो बारीक तुकडे पाडून प्रत्येकात रक्त कसे वाहील याचे गणित मांडतात. मग शल्यविशारद व अभियंता पडद्यावर नळी इकडेतिकडे सरकवतात, वाकवतात, तिला दोन फाटे देऊन पाहतात. प्रत्येक वेळी किती जोर वाया गेला आणि कोणत्या फुफ्फुसात किती रक्त गेले, हे कळते.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. यकृताकडून आलेले रक्त दोन्ही फुफ्फुसांना मिळावे लागते. एखाद्या फुफ्फुसाला ते मिळाले नाही, तर तिथे रोहिणी व नीला यांना थेट जोडणाऱ्या नको त्या वाहिन्या तयार होतात. रक्त प्राणवायू न घेताच परत येते आणि मूल पुन्हा निळे पडू लागते. काही मुलांत खालची नीला जन्मतःच खंडित असते. त्यांच्यात कृत्रिम नळीतून फक्त यकृताचेच रक्त येते आणि ते सहज एकाच बाजूला वळते. अशा गुंतागुंतीच्या मुलांत संगणकाचा खरा उपयोग होतो.

संगणकाच्या मर्यादा

संगणक दिलेल्या मापांवरच चालतो. माप चुकले की उत्तरही चुकते. मूल वाढते, धावते, आजारी पडते. हे सगळे गणितात पुरते बसत नाही. आधीच्या शस्त्रक्रियेमुळे आतले भाग एकमेकांना चिकटलेले असतात आणि ठरवलेल्या जागी नळी बसतेच असे नाही. तेव्हा निर्णय शल्यविशारदाच्या हाताचा आणि अनुभवाचाच असतो.

म्हणून मी त्या वडिलांना सांगितले, "दादा, मुलीच्या नसांची रचना सरळ आहे. इको, सीटी स्कॅन आणि दाब मोजण्याची तपासणी झाली आहे. तेवढ्यावर अनुभवी डॉक्टर नीट जोड देतील. संगणकासाठी थांबू नका. दिलेली तारीख चुकवू नका." आजी कोपऱ्यातून म्हणाल्या, "मी बी तेच म्हणत व्हते."

मुलीची शस्त्रक्रिया संगणकाच्या गणिताशिवायच झाली. गेल्या महिन्यात ती तपासणीला आली, तेव्हा बोटाला लावलेल्या यंत्राने प्राणवायू ९३ टक्के दाखवला. दवाखान्याच्या पायऱ्या ती स्वतः चढून आली. तिला औषधे आणि नियमित तपासणी मात्र जन्मभर लागेल, हेही मी घरच्यांना स्पष्ट सांगितले आहे.

पालकांनी एवढे पाहावे

ओठ, जीभ किंवा नखे निळसर दिसणे, दूध पिताना बाळ थकणे व कपाळावर घाम येणे, वजन न वाढणे, वारंवार छातीचा कफ होणे, यांपैकी काही आढळल्यास "मोठे झाले की बरे होईल" म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा व सांगितल्यास इको करून घ्या. अंगणवाडी व शाळांत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक जन्मजात दोषांसाठीही तपासते. फेब्रुवारी २०१३ मध्ये हा कार्यक्रम आपल्या महाराष्ट्रातील पालघर येथूनच सुरू झाला. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

कोणत्याही यंत्राचा उपयोग आजार वेळेवर कळला तरच होतो. ते काम पालकांच्या डोळ्यांचे आहे.