मुलांना मराठी वाचावयास शिकविताना

शब्बाथ शाळेत धडा वाचण्याची पाळी आली की काही मुले पुस्तकात मान खाली घालतात. ती आळशी नसतात व मठ्ठही नसतात. घरी ती मराठी बोलतात. परंतु शाळेत इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी, बडोद्यास गुजराती, हैदराबादेस तेलुगू व बेळगावकडे कन्नड माध्यमात असल्यास कन्नड वाचतात. मराठी त्यांच्या कानात आहे, डोळ्यांत अजून उतरलेली नाही. शिक्षकबंधुभगिनींनो, हे ध्यानात ठेवून आधी कान, मग डोळा व शेवटी हात हा क्रम धरावा. दर रविवारी दहा मिनिटे त्यासाठी काढावीत.

प्रथम मुलाची अडचण ओळखावी. हिंदी शिकणाऱ्यास लिपी येते, पण 'ळ' नवा असतो. इतर तीन भाषांत 'ळ'चा उच्चार आहे. तेथे अक्षराचे रूप नवे असते. कन्नड-तेलुगू वाचणारे मूल 'घर' शब्दातील शेवटचा 'अ' पूर्ण उच्चारते. त्या लिप्यांत जोडाक्षरातील दुसरे अक्षर खाली लिहितात. म्हणून 'पुस्तक' शिकविताना अर्धा 'स' आधी वेगळा काढून दाखवावा.

१. टाळीचा खेळ : शिक्षकाने शब्द म्हणावा, मुलांनी दर अक्षरास एक टाळी द्यावी. 'दिवा' दोन, 'मेंढरू' तीन. मग तोच शब्द फळ्यावर लिहून अक्षरे बोटाने मोजावीत.

२. दोन कोपरे : एका कोपऱ्यात 'ल', दुसऱ्यात 'ळ' लिहिलेला कागद लावावा. वेल-वेळ, काल-काळ, माल-माळ असे शब्द म्हणावेत. ऐकू येईल त्या कोपऱ्याकडे मुलांनी धावावे. पुढे 'च' व 'ज' यांचे दोन उच्चारही असेच ओळखावयास लावावेत. 'चार' व 'चारा', 'जीव' व 'जाळे' यांत अक्षर एकच असून उच्चार निराळा आहे. हे लिहिलेल्यावरून कळत नाही, म्हणून शिक्षकाने स्वतः स्पष्ट म्हणून दाखवावे.

३. घडीची पट्टी : कागदाच्या पट्टीवर 'मीठ' लिहावे, घडी उलगडताच 'मिठाने' दिसावे. तसेच फूल-फुलाला, दूध-दुधात, जीभ-जिभेने. काय बदलले ते मुलांनीच शोधावे. प्रत्यय लागला की दीर्घाचा ह्रस्व होतो, हा नियम त्यांना आपोआप सापडतो. मात्र 'जीव', 'दूत' असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत : जीवाला, दूताला. ते पहिल्याच दिवशी पट्टीवर घेऊ नयेत.

४. पाच शब्दांचे श्रुतलेखन : चालू धड्यातीलच शब्द घ्यावेत. लिहून झाल्यावर शब्दांची चिठ्ठी मुलाच्या हाती द्यावी व त्याने आपली पाटी आपणच तपासावी. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार मराठीत बहुधा दीर्घ लिहितात : वाळू, कवी, शक्ती. हिंदीत 'कवि', 'शक्ति' लिहिणारे मूल येथे अडखळते. त्यास रागावू नये, फरक दाखवावा. 'आणि' मात्र ह्रस्वच राहतो, व तो जवळजवळ प्रत्येक ओळीत भेटतो.

आणखी एक गोष्ट. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. जुन्या छापाच्या पुस्तकांत 'तें', 'झाडें' असे अनुस्वार अजून दिसतात. नवशिक्या वाचकास असे पुस्तक देण्यापूर्वी हे सांगून ठेवावे, नाहीतर तो नाकात वाचू लागतो.

ज्याला वाचता येत नाही त्यास सर्वांसमोर एकटे उभे करू नये. आधी सर्वांनी मिळून वाचावे, मग दोघांनी, मग एकाने. घरी जाताना प्रत्येकास एक ओळ लिहून द्यावी व ती आजी-आजोबांना वाचून दाखवावयास सांगावी. पुष्कळ घरांत नातवंडांच्या तोंडून मराठी ओळ ऐकण्याची वाट पाहणारे कोणीतरी असते.