‘नाइस’ : एका विशेषणाचा प्रवास

विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधात हवा ‘नाइस’, पुस्तक ‘नाइस’ आणि गुरुजीही ‘नाइस’च असतात. इतक्या सढळ हाताने वापरल्या जाणाऱ्या या विशेषणाचे मूळ पाहिले तर गंमत वाटेल.

लॅटिनमधील ‘नेस्कियस’ म्हणजे अजाण. त्यातील ‘जाणणे’ या अर्थाच्या धातूपासूनच ‘सायन्स’ शब्द आला. ‘नाइस’ मात्र नकारातून जन्मला. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता. पुढे तो नखरेल, चोखंदळ, काटेकोर व सूक्ष्म अशी वळणे घेत गेला आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘छान’ या अर्थी रुळला. आपल्याकडे उलट घडले. ‘सज्ञान’पासून आलेला ‘शहाणा’ आज पुष्कळदा उपरोधानेच उच्चारला जातो!

जुने अर्थ मात्र पूर्णपणे मेलेले नाहीत. ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे छान भेद नव्हे, तर सूक्ष्म भेद. कायद्याच्या वा तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात ‘अ नाइस पॉइंट’ आला, तर तो बारकाईने तपासण्याजोगा मुद्दा समजावा. एखादा मनुष्य आपल्या मार्गांबाबत ‘फारसा नाइस नाही’ असे म्हटले, तर त्याला विधिनिषेध नाही असा अर्थ होतो. ‘नाइस अँड वॉर्म’मध्ये हा शब्द पुढील विशेषणाला जोर देतो : चांगले ऊबदार. आणि ‘अ नाइस मेस’ म्हणजे आपल्या बोलीतला ‘चांगलाच घोळ’. तेव्हा अर्थ ठरवावा तो शेजारचा शब्द पाहून.

या शब्दाच्या अतिवापराची थट्टा जेन ऑस्टिनने पूर्वीच केली आहे. 1817 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत कॅथरिन एका पुस्तकाला ‘नाइस’ म्हणते. त्यावर हेन्री टिल्नी तिला चिडवतो, की आता कोणत्याही विषयाची कसलीही स्तुती या एकाच शब्दात होते.

थट्टेतील मर्म ध्यानी घ्यावे. बोलताना ‘नाइस’ खुशाल वापरावा. तेथे तो आपुलकी दाखवतो. लिहिताना मात्र स्वतःला विचारावे : हवा आल्हाददायक होती की नुसती कोरडी? गुरुजी प्रेमळ होते की निःपक्षपाती? उत्तर शोधताना नवा शब्द सापडतो, इतकेच नव्हे, तर आपल्याला नेमके काय म्हणायचे होते तेही कळते. अजाणतेतून निघालेला हा शब्द असा आपल्याला जाणतेपणाकडे नेऊ शकतो.